बाबा आमटे : रोग बरा झाल्यानंतरचा प्रश्न



आपल्या प्रताप नगरातून वर्धा मार्गाला लागून, जामवरून चंद्रपूरकडे वळले की सुमारे शंभर किलोमीटरवर वरोरा हे गाव येते. त्या गावाला लागूनच आनंदवन आहे. ते वसविणारे बाबा आमटे यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. तुमच्यापैकी अनेकांना त्यांचे नाव केवळ धड्यातून ठाऊक असेल. त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली, एवढे सर्वांना माहीत असते. परंतु त्यांचे खरे मोठेपण त्याच्याही पुढचे आहे. माणूस रोगातून बरा झाल्यावर त्याने जावे कोठे आणि खावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शोधले.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. नागपुरात शिकून ते वकील झाले. तरुणपणी त्यांना मोटार, शिकार आणि सिनेमा यांचा मोठा शौक होता. वरोऱ्यास त्यांची वकिली चांगली चालली. १९४२ च्या लढ्यात पकडलेल्या देशभक्तांच्या बाजूने ते न्यायालयात उभे राहिले. १९४६ साली साधनाताईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतानाही त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहिला.

एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी मरणोन्मुख अवस्थेत दिसला. वाचकहो, हा निर्भय पुरुष त्या क्षणी घाबरून पळाला! पण पळून गेल्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत आले आणि त्यांनी त्या माणसाची शुश्रूषा केली. ही भीती मुळापासून काढायची म्हणून १९४९ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. प्रयोगासाठी आपल्या शरीरात रोगजंतू टोचून घेण्यासही ते तयार झाले.

हा काळ नीट ध्यानात घ्या. हजारो वर्षे ज्या रोगाला औषध नव्हते, त्यावर १९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध हाती आले होते. रोग बरा होऊ लागला, मग सारे दुःख संपायला हवे होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. औषधाने जंतू मरतात. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. बोटांची संवेदना गेलेली, हात वाकडे झालेले तसेच राहतात. ती खूण पाहून लोक बऱ्या झालेल्या माणसालाही रोगीच समजत. घराचे दार बंद, शेतात वाटा नाही, मजुरीला कोणी बोलावीत नाही. रोगी असताना निदान भीक तरी मिळे. बरा झाल्यावर तोही आधार सुटे. ज्याला परत जायला घर नाही आणि करायला काम नाही, त्याची रोगमुक्ती कागदावरच राहते.

याचे उत्तर बाबांनी जमिनीतून काढले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ साली विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. भांडवल म्हणजे पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. तेथे भिकेला जागा नव्हती. ज्याला जेवढे जमेल तेवढे काम त्याने करायचे. रोग्यांनीच विहीर खणली, शेत पिकविले, झोपड्या उभारल्या. भाजी भरपूर आली, तर वरोऱ्याचे लोक ती विकत घेईनात! पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन रोग्यांच्या बरोबरीने राहिले, राबले, तेथलेच अन्न जेवले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली आणि आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला. शेतीला हातमाग आणि पत्र्याचे डबे बनविणे असे उद्योग जोडले गेले. बऱ्या झालेल्या स्त्रीपुरुषांचे विवाह झाले, संसार उभे राहिले.

विद्यार्थ्यांनो, आता पुढची गोष्ट तुमच्यासाठी. १९६० च्या दशकात याच माणसांच्या श्रमातून आनंदवनात महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्या हातची भाजी लोक घेत नव्हते, त्यांनी बांधलेल्या वर्गांत आसपासच्या गावांची मुले पदवीचे शिक्षण घेऊ लागली. तेथेच अंध मुलांसाठी शाळाही निघाली. १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला.

पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बाबांना बसता येत नसे. ते उभे तरी राहत किंवा पडून तरी असत. तशाही स्थितीत १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढून धर्माधर्मांत सलोख्याचा संदेश दिला. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह न जाळता आनंदवनाच्या मातीतच त्यांचे दफन करण्यात आले.

पालकहो, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरीही २०२२ साली भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. कायदाही फार मागे होता. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ मध्ये पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला तलाक मागण्याचे एक कारण होते. हिंदू विवाह कायद्यातही अशीच तरतूद होती. ही कारणे २०१९ साली संसदेने वगळली. पुस्तकातला कायदा बदलला. आपल्या बैठकीतले बोलणे बदलले काय? रिश्ता ठरविताना असे जुने दुखणे कळले की आपण आजही पाऊल मागे घेतो.

रमजानमध्ये आपण जकात देतो, ते आपले फर्जच आहे. त्याच्या जोडीला रोगातून उठलेल्या एखाद्या माणसाला दुकानात किंवा कारखान्यात काम द्या. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, वेळेवर दवाखान्यात जा. आणि विद्यार्थ्यांनो, अशा घरातले मूल तुमच्या वर्गात आले, तर बाकावर थोडे सरकून त्याला आपल्या शेजारी बसवा.