श्री संत तुकाराम महाराज : जीवन आणि अभंग



भोईवाडा, परळ, लालबाग, दादर या परिसरातील भजनी मंडळांत जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराजांचा अभंग म्हटला जात नाही, असा एकही सप्ताह नसेल. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत काम करण्यासाठी आलेल्या आपल्या वाडवडिलांनी गाठोड्यात टाळ बांधून आणले आणि चाळीच्या खोलीत महाराजांची वाणी जागती ठेवली. हे अभंग आपल्या कानांवर बालपणापासून पडत असल्याने ते अतिपरिचित झाले आहेत. परंतु कोणता अभंग जीवनातील कोणत्या प्रसंगातून प्रकटला, हे ठाऊक झाले की तोच अभंग नव्याने ऐकू येतो. या हेतूने महाराजांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहोत.

कुळ आणि बालपण

महाराजांच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी शके १५३० (इ.स. १६०८) हे वर्ष सामान्यतः मानले जाते. पुण्याजवळ इंद्रायणीच्या तीरावरील देहू हे त्यांचे गाव. वडिलांचे नाव बोल्होबा, मातोश्रींचे कनकाई. सावजी हे थोरले बंधू आणि कान्होबा धाकटे. आठ पिढ्यांपूर्वीचे पूर्वज विश्वंभरबुवा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. त्यांनी स्थापन केलेल्या श्रीविठ्ठल-रखुमाईची पूजा या घराण्यात परंपरेने चालत आली.

घराणे कुणब्याचे, व्यवसाय वाण्याचा. देहूच्या पेठेची महाजनकी घरात होती. शेती, दुकान आणि सावकारी असा तिहेरी संसार होता. थोरल्या बंधूंचे मन प्रपंचात रमेना, म्हणून कोवळ्या वयातच दुकानाचा भार तुकोबांवर आला. रखुमाई आणि जिजाई या त्यांच्या दोन पत्नी. रखुमाईंस दम्याचा विकार होता. जिजाई पुण्याच्या सावकार घराण्यातील.

दुष्काळ आणि दिवाळे

तुकोबांचे वय सतरा-अठराच्या सुमारास असताना आईवडील निवर्तले. भावजयीच्या निधनानंतर सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. पाठोपाठ इ.स. १६३०च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. अन्नावाचून माणसे आणि गुरे मेली, गावे ओस पडली. या दुष्काळात रखुमाई अन्न अन्न करीत गेल्या. संतू नावाचा मुलगाही गेला. व्यापार बुडाला आणि महाजनाच्या घराचे दिवाळे निघाले.

हा वृत्तांत आपल्यापर्यंत प्रथम पोहोचला तो महाराजांच्या स्वतःच्या मुखातून. संतमंडळींनी विचारणा केली म्हणून त्यांनी एका दीर्घ अभंगात आपले पूर्वायुष्य थोडक्यात सांगितले आहे. त्यात कोठेही स्वतःची थोरवी नाही. आपली जात, आपला व्यवसाय, आईवडिलांचा वियोग, पत्नीचा अन्नावाचून झालेला अंत आणि त्याची वाटलेली लाज, हे सारे ते एखाद्या जमाखर्चाच्या वहीतील नोंदींप्रमाणे सांगतात. मराठी संतवाङ्मयात इतके उघडे आत्मनिवेदन दुर्मिळ आहे.

याच काळाशी निगडित असा दुसरा एक सुप्रसिद्ध अभंग आहे. दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने गांजले हे बरे झाले, असे त्यात महाराज देवाला सांगतात. पत्नीचे आणि मुलाचे मरण त्यांना बरे कसे वाटले, असा प्रश्न काही भाविकांस पडतो. प्रश्न योग्यच आहे. परंतु हा अभंग दुःख न झालेल्या माणसाचा नव्हे. ज्याने पत्नीच्या मृत्यूची लाज उभ्या समाजासमोर कबूल केली, त्याच मुखातून हा अभंग आला आहे. गेलेले परत येणार नाही हे पुरते समजल्यावर, उरलेल्या आयुष्यात त्या दुःखाचे काय करावयाचे, याचे ते उत्तर आहे. आपल्या गिरणगावाने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप आणि त्यानंतर एकेक करून थंडावलेले भोंगे पाहिले आहेत. दिवाळे या शब्दाचा अर्थ येथील वडीलधाऱ्यांस सांगावा लागत नाही.

खतपत्रे इंद्रायणीत

या आघातानंतर तुकोबा देहूजवळच्या भामगिरी डोंगरावर एकांतात जाऊन बसले. तेथून परतल्यावर घडलेला प्रसंग अठराव्या शतकातील संतचरित्रकार महीपती यांनी वर्णिला आहे. लोकांनी काढलेल्या कर्जाची खतपत्रे तुकोबांनी मागविली. कान्होबांस संसार करावयाचा होता, म्हणून निम्मी खते त्यांच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडे यापुढे कोणी वसुलीस जाऊ नये, हा त्याचा अर्थ. स्वतः कफल्लक झालेल्या माणसाने इतरांचे देणे माफ केले, आणि तेही धाकट्या भावाच्या हक्कास धक्का न लावता, ही गोष्ट दानधर्म करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मनन करण्याजोगी आहे.

त्यानंतर त्यांनी पूर्वजांच्या पडक्या देवळाच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले. प्रथम ऋणकऱ्यांची मुक्तता आणि मग मंदिराचा जीर्णोद्धार, हा क्रम ध्यानात घ्यावा.

धृपद धरण्यापासून अभंगापर्यंत

आज ज्यांच्या वाणीवर अवघा महाराष्ट्र डोलतो, ते महाराज आरंभी मुख्य गायकही नव्हते. एकादशीच्या कीर्तनास ते उभे राहत, पण सुरुवातीस मन त्यात लागत नसे, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणून त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने आदराने पाठ केली. पुढे उभे राहून गाणाऱ्यांच्या मागे ते धृपद धरीत. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांची वाणी अशा रीतीने कंठात मुरली.

एके रात्री स्वप्नात संत नामदेव पांडुरंगासह आले आणि आपली अपुरी राहिलेली कवित्वाची संख्या पूर्ण करण्याची आज्ञा केली, असे महाराज सांगतात. गुरूपदेशही स्वप्नातच झाला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार या दिवशी बाबाजी चैतन्य यांनी मस्तकावर हात ठेवून रामकृष्णहरी हा मंत्र दिला. त्या वेळी गुरूंनी भोजनास पावशेर तूप मागितले आणि आपणांस त्याचा विसर पडला, हा बारीक तपशीलही महाराजांनी त्या अभंगात लपविला नाही. आयुष्यातील सर्वांत मोठ्या कृपाप्रसंगाचे वर्णन करतानाही आपली चूक ते सोडत नाहीत. त्यांच्या शब्दांवर लोकांचा विश्वास बसला, त्याचे एक कारण हेच असावे.

देहूजवळच्या भंडारा डोंगरावर ते चिंतनास जात. वृक्षवेली आणि वनचरे यांना सोयरे मानणारा, लता मंगेशकर यांच्या स्वरात घरोघरी पोहोचलेला अभंग या एकांताचे फळ होय. मात्र डोंगरावरच्या शांततेचे मोल घरात जिजाईंना मोजावे लागत होते, हेही विसरता कामा नये. मुलाबाळांच्या तोंडी घास घालण्याची चिंता त्यांची होती. पतीसाठी भाकरी घेऊन त्या डोंगर चढत, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यांना कजाग ठरविणे सोपे आहे. महाराजांनी मात्र काही अभंगांत त्यांची तक्रार जशीच्या तशी त्यांच्याच बोलीत मांडली आहे, आणि पत्नीस उद्देशून केलेल्या उपदेशाचे अकरा अभंग स्वतंत्रपणे रचले आहेत. घरातील भांडण ज्याने अभंगात येऊ दिले, त्याची वाणी घरोघरी पोहोचली यात नवल ते काय?

वह्या इंद्रायणीत

तुकोबांची कीर्ती पसरू लागली तसा विरोधही वाढला. शूद्राने धर्माचा अर्थ प्राकृत भाषेत सांगावा आणि सर्व वर्णांच्या लोकांनी त्याच्या पाया पडावे, हे काहींना रुचले नाही. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याची वेळ महाराजांवर आली.

याच नदीत पूर्वी त्यांनी सावकारीची खते सोडली होती. ते कागद त्यांनी स्वेच्छेने बुडविले आणि मोकळे झाले. या वेळी बुडाले ते त्यांचे एकमेव धन. पहिल्या वेळी प्रपंच गेला, दुसऱ्या वेळी परमार्थही गेला, असे लोक बोलू लागले. महाराज नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून बसले. तेरा दिवस लोटले आणि वह्या पाण्यावर कोरड्या तरंगून आल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे.

या प्रसंगावरील अभंग वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांत विजयाचा आनंद किंवा विरोधकांस दिलेले आव्हान नाही. आपण देवाचा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्याने चित्त क्षुब्ध होऊ दिले आणि आपल्यासाठी त्याला शिणविले, याचा पश्चात्तापच त्यांत भरला आहे. कसोटीस उतरल्यानंतरही कसोटी घेतल्याची खंत वाटणे, हे भक्तीचे फार दुर्मिळ रूप आहे.

पुढे रामेश्वरभट्ट महाराजांचे शिष्य झाले. आपल्याकडे विठ्ठलमंदिरांत म्हटली जाणारी तुकाराम महाराजांची आरती ही याच रामेश्वरभट्टांची रचना होय. ज्यांच्या आक्षेपामुळे वह्या पाण्यात गेल्या, त्यांचेच शब्द आज आपण महाराजांना ओवाळताना म्हणतो. आरतीच्या वेळी भाविकांनी याचे स्मरण अवश्य ठेवावे.

शिष्यपरिवार आणि निर्याण

चाकणचे संताजी तेली जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवण्याची मोठी सेवा केली. ब्राह्मण कुळातील संत बहिणाबाई यांनी महाराजांस गुरू मानले. देहूस येऊन त्यांनी महाराजांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले आणि आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्याची साक्ष दिली.

शके १५७१ मधील फाल्गुन वद्य द्वितीयेस (इ.स. १६५०) महाराजांनी वैकुंठगमन केले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ही तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. वय अवघे बेचाळीस. त्यांच्या पश्चात जन्मलेले पुत्र नारायणबुवा यांनी इ.स. १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा आजही दरवर्षी देहूहून पंढरीस जातो.

मुंबई आणि तुकोबा

महाराजांच्या वाणीच्या प्रसारात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. शासनाच्या साहाय्याने संपादित केलेली, सुमारे साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. इ.स. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि गिरगावात मंदिर असलेल्या प्रार्थना समाजाने उपासनेत तुकोबांचे अभंग आदराने स्वीकारले. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा संत तुकाराम हा बोलपट गिरगावच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात महाराजांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीस यांची छबी पुढे अनेकांच्या देव्हाऱ्यात विराजमान झाली.

भाविकांसाठी

देहू येथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पुणे-लोणावळा लोकल मार्गावरील देहूरोड स्थानकावर उतरावे. तेथून वाहनाने देहूस पोहोचता येते. मुख्य मंदिर व तेथील शिळा मंदिर (नव्या वास्तूचे लोकार्पण जून २०२२), इंद्रायणीचा डोह, भिंतींवर अभंग कोरलेले गाथा मंदिर आणि भंडारा डोंगर ही स्थाने दर्शनीय आहेत. एक दिवस पुरेसा होतो. बीजेच्या दिवशी मात्र गर्दी अपार असते. ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांना आपल्या जवळच वडाळ्याचे विठ्ठलमंदिर आहे. आषाढी एकादशीस तेथे लोटणाऱ्या जनसागरामुळे ते प्रतिपंढरपूर म्हणून ओळखले जाते.

देणगीदारांस एक नम्र सूचना. आपण देवास जे अर्पण करता ते मोलाचेच आहे. परंतु घरी किंवा दुकानात एखाद्या गरजवंताचे थकलेले देणे मनातून सोडून देता आले, तर तीही महाराजांची सेवाच ठरेल.

आणि ज्यांना गाता येत नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. कीर्तन-भजन चालू असता मागच्या रांगेत उभे राहून धृपद धरावे. महाराजांनीही आरंभ तेथूनच केला होता.

श्रीविठ्ठल सर्वांचे कल्याण करो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

— चिटणीस, विश्वस्त मंडळाच्या वतीने