कलामहर्षी बाबूराव पेंटर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. संतांची व वीरांची चरित्रे आपल्या मुलांना शाळेत वाचावयास मिळतात. परंतु हातात हत्यार घेऊन विद्या मिळविणाऱ्या पुरुषाचे चरित्र क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळते. ज्या घरांत करवत, रंधा आणि पटाशी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्या घरांतील मुलांनी तरी हे चरित्र जाणून घ्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम आणि चित्रकाम अशा अनेक कामांत वाकबगार होते. बाबूरावांनी चित्रकलेचे धडे कोणत्याही विद्यालयात गिरविले नाहीत. घरातील कामाचा ओटा हीच त्यांची शाळा. लाकूड कसे बोलते, धातू कोठे वाकतो, रंग वाळल्यावर किती उतरतो, हे सारे त्यांनी वडिलांच्या हाताकडे पाहत पाहत आत्मसात केले. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत त्या नगरीत गायन, मल्लविद्या व चित्रकला यांस मोठा आश्रय होता. अशा वातावरणात त्यांची दृष्टी घडली.

नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे बाबूरावांचे जिवलग सहकारी. त्या काळी संगीत नाटकांचा बहर होता आणि नाटक मंडळ्यांना राजवाडे, अरण्ये, रस्ते रंगविलेले पडदे लागत. हे पडदे या दोघा बंधूंनी असे रंगविले की, सपाट कापडावर खोली दिसू लागली. पुढे लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

इ. स. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट मुंबईत प्रदर्शित झाला. हलती चित्रे आपल्या देशातील माणूसही निर्माण करू शकतो, हे पाहून या दोघा बंधूंच्या मनाने उचल खाल्ली. फाळके यांनी विलायतेहून कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या तरुणांपाशी तेवढे द्रव्य नव्हते, आणि लवकरच महायुद्धामुळे परदेशी माल मिळणेही दुरापास्त झाले. तेव्हा त्यांनी ठरविले की, कॅमेरा आपणच घडवावयाचा!

हा निश्चय केवढा धाडसाचा होता, याची कल्पना आजच्या वाचकांस यावी म्हणून थोडे विवरण करतो. मूकपटाच्या काळी एका सेकंदात सुमारे सोळा चित्रे घेतली जात. प्रत्येक चित्राच्या वेळी फीत क्षणभर स्थिर राहिली पाहिजे, तेवढ्यात पडदी उघडून मिटली पाहिजे, आणि अंधारात फीत नेमकी एक घर पुढे सरकली पाहिजे. दात्यांच्या चाकात केसभर चूक झाली की चित्र थरथरते अथवा फीत फाटते. हे सारे यंत्र धातूचे भाग कातून व घासून, पुनःपुन्हा जुळवून सिद्ध करावयाचे होते. हे काम चालू असतानाच इ. स. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. उजवा हात गळून पडावा असा तो आघात. परंतु बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारख्या कुशल साथीदाराच्या साहाय्याने त्यांनी तो कॅमेरा पुरा केला. ज्या हातांनी पडदे रंगविले, त्याच हातांनी हे यंत्र उभे केले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी अशा प्रकारे कोल्हापुरात उदयास आली. विख्यात गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले आणि शाहू महाराजांनी आश्रय दिला. कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा भासला की, पुढे तो गाळावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक व सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

याच चित्रपटाची एक हकिकत ज्ञातिसंस्थेच्या पानांवर नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या काळी स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच करीत. बाबूरावांनी मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना भूमिका दिल्या. पुढे त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी प्रसिद्धीस आल्या. या कामापायी त्यांना स्वकीयांनी वाळीत टाकले आणि कंपनीच्या आवारातच राहणे त्यांना भाग पडले, असे सांगतात. ज्यांनी त्यांना दूर लोटले त्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्या दोघींची नावे मात्र इतिहासात राहिली. ज्ञातीची शक्ती माणसास आधार देण्यासाठी असते, त्याची वाट अडविण्यासाठी नव्हे, हा बोध आपण घेतलेला बरा.

सैरंध्रीनंतर बाबूरावांची कला सतत वाढत गेली. रंगविलेल्या पडद्यांपुढे चित्रण करण्याऐवजी त्यांनी खऱ्यासारखे महाल व वाडे उभारले. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवरील सिंहगड या इ. स. १९२३ च्या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीचे प्रसंग टिपले. चित्रपटाची जाहिरात करणारी मोठी भित्तिचित्रे ते स्वतः रंगवीत. कल्याण खजिना या चित्रपटास लंडनजवळच्या वेंब्ली येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

परंतु आमच्या अल्पमतीने त्यांची खरी थोरवी इ. स. १९२५ च्या सावकारी पाश या चित्रपटात आहे. तोवर पडद्यावर देव, दैत्य आणि राजे दिसत. बाबूरावांनी सावकाराच्या कागदात अडकून जमिनीस मुकलेला आणि पोटासाठी शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढील काळचे व्ही. शांताराम, यांनी त्या शेतकऱ्याची भूमिका केली. प्रेक्षक चमत्कार पाहावयास येत, त्यांना येथे आपल्याच गावची झोपडी दिसली. चित्रपट हा केवळ करमणुकीचा खेळ नसून समाजापुढे धरलेला आरसाही आहे, हे या कलाकृतीने सिद्ध केले. भारतीय चित्रपटांतील सामाजिक परंपरेचा उगम सांगताना जाणकार आजही या मूकपटाचे नाव घेतात.

आता त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण नुसती स्तुती म्हणजे चरित्र नव्हे. बाबूरावांना प्रत्येक काम निर्दोष हवे असे. त्यामुळे चित्रपट लांबत आणि हिशेबाची घडी विसकटे. कलेतील त्यांची पकड कारभारात नव्हती. अखेर दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले साथीदार बाहेर पडले, आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. लवकरच बोलपटांचे युग सुरू झाले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. प्रभात मात्र इ. स. १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि तिच्या संत तुकाराम या चित्रपटाचा इ. स. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. तो दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला होता. ज्यांनी मूकपटाची विद्या कोल्हापूरच्या त्या आवारात घेतली, त्यांनीच हा मान मिळविला.

गुरूच्या मनास त्या वेळी काय वाटले असेल? आम्ही जन्मभर विद्यार्थी घडविले. म्हणून हा प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो. शिष्य गेले याचे दुःख झालेच असेल. परंतु बाबूरावांनी विद्या कधी झाकून ठेवली नाही. कारागिरांच्या घरांत खुबी शेवटपर्यंत मुठीत धरण्याची जुनी खोड असते. ती त्यांना नव्हती. म्हणूनच त्यांची कंपनी मोडली, पण विद्या मोडली नाही. पुढे त्यांनी काही बोलपटही केले. सावकारी पाश त्यांनी इ. स. १९३६ मध्ये नव्याने काढला. तसेच इ. स. १९४७ च्या लोकशाहीर राम जोशी या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी शांतारामांनीच आपल्या गुरूंना बोलावून घेतले. चित्र आणि शिल्प यांची साधना अखेरपर्यंत चालू ठेवून १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. त्यांचे बहुतेक मूकपट आज आपल्या हाती उरलेले नाहीत, ही मोठी खेदाची गोष्ट होय.

शेवटी स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो. आमच्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. गणितात तो कच्चा. एकदा मधल्या सुट्टीनंतर तो वर्गात आला नाही. शोधले तेव्हा शाळेचे कित्येक महिने बंद पडलेले घड्याळ भिंतीवरून उतरवून तो त्याची चाके साफ करीत बसलेला दिसला. आम्ही त्यास छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी घड्याळ चालू लागले. मुलगा मात्र त्या वर्षी नापास झाला आणि शाळा सोडून गेला. त्याच्या बोटांत जी विद्या होती ती आम्हांस वाचता आली नाही. आम्ही फक्त त्याची वही वाचली.

ज्ञातिबांधवांनो, आपल्या मुलामुलींनी खूप शिकावे, मोठ्या पदव्या मिळवाव्यात, यात दुमत नाही. परंतु घरातील एखादे मूल खेळणे मोडून त्याच्या पोटात काय आहे ते पाहत असेल, तर त्याच्या हातातून ते हिसकावून घेऊ नका. जवळ बसा आणि त्याला ते पुन्हा जोडावयास लावा. आमच्या मते कलामहर्षींचे खरे स्मरण यातच आहे.