धुरंधर मास्तर

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर म्हटलं की कोणाला शिवाजी महाराजांवरची चित्रं आठवतात, कोणाला जुन्या मुंबईतल्या नऊवारी नेसलेल्या बायका. मला मात्र ते मास्तर म्हणून आठवतात. एकाच शाळेत, आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून, त्यांनी एकेचाळीस वर्षं काढली. पहिली सहा वर्षं आपलं काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ दिलं आणि पुढची पस्तीस वर्षं दुसऱ्यांची कामं आपल्या नजरेखालून घातली. आपल्या मंडळात पोस्टर, भित्तिपत्रक, अंकाचं मुखपृष्ठ करणारे आहेत, आणि त्यावर मत देणारे तर सगळेच आहोत. म्हणून त्यांचं आयुष्य ह्या बाजूनं सांगावं असं वाटलं.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. घराणं पाठारे प्रभूंचं, मूळ मुंबईकडचं. लहानपणापासून हातात पेन्सिल. कोल्हापुरात आबालाल रहिमान ह्या चित्रकाराचा सहवास त्यांना लाभला. आबालाल स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले, त्यामुळे चित्रकला शिकायची तर कुठे, हे ह्या मुलाला लवकर कळलं असणार. १८९० च्या सुरुवातीला ते जे. जे.मध्ये दाखल झाले.

तिथलं शिक्षण कसं होतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. अभ्यासक्रम लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनच्या धर्तीवरचा. आधी सपाट नक्षीची नक्कल, मग घन वस्तू, मग प्लॅस्टरचे ग्रीक-रोमन पुतळे, आणि हात बसल्यावर समोर बसवलेला जिवंत माणूस. प्रत्येक पायरीला परीक्षा. आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली आहे. त्या परीक्षा ह्याच घराण्यातल्या. मटक्यावर छाया कुठल्या बाजूला पडते ह्यासाठी ज्यांनी रविवार घालवलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

ह्या पद्धतीला पुढे पुष्कळ नावं ठेवली गेली आणि त्यातली बरीचशी बरोबरच होती. मुंबईच्या पोरानं व्हीनसच्या पुतळ्याचं नाक का घोटावं? पण तिच्यात एक गोष्ट चांगली होती. पुतळा दोघांच्याही समोर असायचा, मास्तरांच्याही आणि विद्यार्थ्याच्याही. खांदा वर गेलाय असं मास्तरांनी सांगितलं तर विद्यार्थी मान वर करून बघू शकायचा, खरंच गेलाय का. मास्तर मोठे म्हणून ऐकायचं असं नव्हतं, पुतळा समोर आहे म्हणून ऐकायचं. मत पडताळून पाहता येत होतं.

तेव्हाचे प्रिन्सिपल होते जॉन ग्रिफिथ्स. १८६५ पासून मुंबईत होते. विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेलेले आणि वर्षानुवर्षं तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करवून घेतलेला हा माणूस. (लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. एवढी मेहनत!) ज्यानं दुसऱ्याच्या कामाकडे इतका वेळ बघितलंय त्याची नजर तयार असणारच. ग्रिफिथ्सनी ह्या कोल्हापूरच्या मुलाचा हात ओळखला. बक्षिसं मिळत गेली, आणि १८९५ मध्ये ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ ह्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच सुमारास ग्रिफिथ्स निवृत्त झाले. १८९६ मध्ये धुरंधर त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागले.

इथे मी जरा थांबते. काल ज्या इझलमागे आपण बसत होतो, आज त्याच इझलसमोर उभं राहून दुसऱ्याला सांगायचं. वय २९. काही विद्यार्थी वयानं फार लहानही नसतील. सुवर्णपदक खिशात असलेल्या माणसाला अशा वेळी एक मोह होतो: समोरच्याचं चित्र आपल्यासारखं करून टाकायचा. कलाशाळांतले मास्तर विद्यार्थ्याच्या कागदावरच स्वतःची रेघ मारून दुरुस्ती दाखवत. त्याचा फायदा असा की शंभर शब्दांचं काम एका रेघेत होतं. तोटा असा की चित्र कोणाचं, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडे आज उलटं झालंय. पोस्टर ग्रुपवर टाकलं की खाली अंगठे येतात, ‘मस्त’ येतं, ‘एकदम भारी’ येतं, आणि मग कोणीतरी लिहितं की फॉन्ट आवडला नाही. करणाऱ्यानं ह्याचं काय करायचं? ‘मस्त’चाही उपयोग नाही आणि ‘आवडला नाही’चाही नाही, कारण दोन्हींत पुतळाच नाही. आवडणं न आवडणं हे बोलणाऱ्याबद्दल सांगतं, पोस्टरबद्दल नाही. आमच्या इब्रामपुरात जत्रेच्या दिवसांत दशावतारी नाटकाचा किंवा गावच्या मराठी नाटकाचा बॅनर लागतो. तिथे पुतळा कोण? बसस्टॉपावर बसलेले आजोबा. चष्मा न लावता त्यांना तारीख वाचता आली, नाटक कुठल्या देवळासमोर आहे ते कळलं, की बॅनर जमला. तारीख जांभळ्यावर काळ्या रंगात असेल तर ती आजोबांना दिसणार नाही, हे बोलणं डिझाईन करणाऱ्याला लागत नाही. तो स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन बघू शकतो.

धुरंधरांना हे छपाईच्या कामानं शिकवलं असावं असं मला वाटतं. मोठी तैलचित्रं त्यांनी केलीच, बडोदा आणि औंधसारख्या संस्थानांसाठी केली, दिल्लीच्या नव्या सचिवालयातली भित्तिचित्रंही केली. पण त्याच हातांनी पोस्टकार्डं रंगवली, रेल्वेची पोस्टरं केली, पुस्तकांसाठी चित्रं काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या नाना तऱ्हेच्या माणसांवरची त्यांची गमतीदार पोस्टकार्डं लोक विकत घेत होते. १९१२ मध्ये एडवर्ड्झ ह्यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’साठी, १९१४ मध्ये किंकेडनी इंग्रजीत आणलेल्या आपल्या व्रतांच्या कहाण्यांसाठी, १९२० मध्ये ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी चित्रं काढली. शेवटच्या पुस्तकात तर ४८ रंगीत चित्रं आहेत.

पोस्टकार्ड केवढं असतं? तळहाताएवढं. त्यात माणूस ओळखू आला पाहिजे, त्याचा धंदा कळला पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे. शिलाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, म्हणजे जितके रंग तितका खर्च आणि एक रंग जरा सरकला की चेहरा गेला. पुस्तकात छापताना जलरंगातले गडद भाग एकमेकांत मिसळून काळे होतात. रेल्वेचं पोस्टर गडबडीत चाललेला उतारू क्षणभर बघतो. ह्या कामात सुवर्णपदक कोणी विचारत नाही. छापखाना, प्रकाशक आणि गिऱ्हाईक आपापलं मत देतात, आणि ते मत बहुतेक वेळा फार सभ्य नसतं. जे. जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला तो १९३५ च्या सुमारास, म्हणजे धुरंधर निवृत्त झाल्यावर. पण आज आपण ज्याला ग्राफिक डिझाईन म्हणतो ते काम त्यांनी त्याआधी तीसेक वर्षं करून दाखवलेलं होतं.

त्यांच्या शिक्षकीच्या काळात ह्या शाळेतून मोठमोठी माणसं शिकून गेली. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर त्यातलेच. आमच्या पेडण्याहून सावंतवाडी काही लांब नाही, त्यामुळे हे नाव घेताना उगाच बरं वाटतं. १९०८ मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि तेही आयुष्यभर विद्यार्थ्यांची चित्रं बघत राहिले. शिवाय शाळेत आपल्या गोव्याचे अंतोनियो शावियर त्रिंदाद होते. त्यांच्या व्यक्तिचित्रांना तोड नव्हती. धुरंधर आणि त्रिंदाद, दोघे एका शाळेतले शिक्षक, आणि दोघांच्याही मुली त्याच शाळेत शिकून चित्रकार झाल्या. अँजेला त्रिंदादचा जन्म १९०९ चा, अंबिका धुरंधरचा १९१२ चा. मला ह्या दोन मुलींचं फार कुतूहल वाटतं. घरी बाप, शाळेतही बाप. जेवताना समोर परीक्षक बसलेला! पण दोघी बापाची नक्कल होऊन राहिल्या नाहीत. अँजेलानं तर पुढे साडीतली मरियम आणि भारतीय वळणाचे ख्रिस्ती विषय रंगवले, जे तिच्या वडिलांच्या युरोपीय वळणापासून बरंच दूर होतं. अंबिकेनं १९३१ मध्ये पदविका घेतली. त्याच वर्षी धुरंधर सेवानिवृत्त झाले.

एक टीका मात्र अशी होती की तिच्यापुढे पुतळ्याचा उपयोग नव्हता. कलकत्त्याला हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर ह्यांनी वेगळी वाट काढली होती. साऊथ केन्सिंग्टनचं शिक्षण, तैलरंग, हुबेहूब माणसं, हे सगळंच परकं आहे, भारतीय चित्राचा मार्ग हा नव्हेच, असं ती मंडळी मांडत होती. मुंबईची शाळा त्यांच्या लेखी साहेबाची नक्कल करणारी. ह्यात खांदा वर गेला की खाली हा प्रश्नच नाही. ज्या मापानं मोजता ते मापच चुकीचं, असा आरोप. पन्नाशीच्या माणसानं अशा वेळी काय करायचं? सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची?

धुरंधरांनी तसं केलं नाही. ते आपल्या पद्धतीनं काढत राहिले आणि शिकवत राहिले. माझं मत विचाराल तर टीका करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता, आणि धुरंधरांच्या काही मोठ्या चित्रांत नाटकीपणा आहेच, पडदा वर गेल्यावर सगळी पात्रं जागेवर उभी असावीत तसा. पण त्याच टीकेला घाबरून त्यांनी हात आखडता घेतला असता तर त्या काळच्या बायका पाणी कशा भरत, बाजारात कशा बसत, साडीचा कासोटा कसा घालत, हे आपल्याला आज इतकं नेमकं बघायला मिळालं नसतं. आयुष्यभर समोरचा माणूस बघून काढायची सवय होती, तीच कामी आली.

१९१० मध्ये ते शाळेचे हेडमास्तर झाले होते. वरची खुर्ची मात्र कायम साहेबाची: ग्रिफिथ्स, मग बर्न्स, मग सॉलोमन. अगदी शेवटी, १९३० मध्ये, थोड्या काळासाठी ती धुरंधरांकडे आली. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय.

निवृत्तीनंतर त्यांनी मराठीत आठवणी लिहिल्या. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक १९४० मध्ये आलं. पुस्तकाला नाव दिलं ते स्वतःच्या चित्रांचं नव्हे, शाळेतल्या वर्षांचं. चार वर्षांनी, १९४४ मध्ये, ते गेले. खारच्या घरात त्यांची चित्रं, स्केचं, कागदपत्रं अंबिकाबाईंनी सांभाळली. त्या २००९ पर्यंत होत्या. त्यांच्याही आठवणींचं पुस्तक आहे, ‘माझी स्मरणचित्रे’. बापानं शाळेबद्दल लिहिलं आणि मुलीनं बापाबद्दल. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचायला मिळाली तर जरूर वाचा, आधी मुलीचं.