काचेच्या नळीवरचा पत्तेवाला

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पत्त्यांचं नाव काढलं तरी डोळे वटारले जायचे. ती सगळी कसर लेडीज होस्टेलवर भरून निघाली. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा इथे मेंढीकोटचा डाव बसतोच! म्हणून ज्याने 1875 साली पत्ते खेळणारं मशीन स्टेजवर आणलं, त्या जॉन नेव्हिल मॅस्केलाइनबद्दल लिहावंसं वाटलं.

हा इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. जन्म 1839 चा. धंदा घड्याळजीचा, नाद जादूचा. 1865 मध्ये गावात अमेरिकेचे डेव्हनपोर्ट बंधू आले. त्यांना दोरीने बांधून कपाटात बंद करायचं, की आत वाद्यं वाजायला लागायची. हे काम भुतांचं, असा भल्याभल्यांचा समज. खेळ चालू असताना खिडकीचा पडदा जरासा सरकला, उजेड आत पडला, आणि मॅस्केलाइनला त्यातला एक भाऊ मोकळ्या हाताने वाद्यं फेकताना दिसला. त्याने तिथेच जाहीर केलं की हे मी भुतांशिवाय करून दाखवीन. जॉर्ज कुक नावाच्या सुतार मित्राला घेऊन त्याने त्याच वर्षी ते केलंही. तर काही लोक म्हणायला लागले की याच्याच अंगात काहीतरी शक्ती आहे. आता बोला!

पुढे 1873 मध्ये तो लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये स्थिरावला. तिथेच सायको आला. सायको म्हणजे फेटा बांधलेला, मांडी घातलेला बाहुला. (फेटा अर्थातच आपल्याकडचा. गूढ काही दाखवायचं तर साहेबाला पूर्वेकडचा माणूसच लागायचा.) प्रेक्षकांतल्या तिघांबरोबर तो व्हिस्ट खेळायचा. व्हिस्ट म्हणजे आपल्या मेंढीकोटचा चुलतभाऊच म्हणा, चौघांत तेरा-तेरा पानं. सायकोची पानं समोर कमानीसारख्या स्टँडवर उभी असायची. हात फिरायचा, नेमक्या पानाशी थांबायचा आणि ते उचलून दाखवायचा.

याच्या शंभर वर्षं आधी बुद्धिबळ खेळणारा 'तुर्क' युरोपात गाजला होता, पण त्याच्या पेटीत चक्क माणूस लपलेला असायचा. सायकोमध्ये लहान मूलसुद्धा मावलं नसतं. शिवाय तो बसायचा काचेच्या पारदर्शक नळीवर, म्हणजे खालून तार नाही, दोरी नाही, हे सगळ्यांना दिसावं.

खरी मेख त्या नळीतच होती. पडद्यामागचा सहायक नळीतल्या हवेचा दाब किंचित बदलायचा. त्याने बाहुल्यातला भाता हलायचा, आणि घड्याळासारखी यंत्रणा हात फिरवायची किंवा थांबवायची. संबंध नाही हे दाखवायला जी वस्तू ठेवली, तीच कनेक्शन! यात शेतकरी असलेल्या जॉन क्लार्कचाही वाटा होता.

सध्या आमचा ग्रुप प्रोजेक्टसाठी पत्ते ओळखणारं टेबल करतोय. प्रत्येक पानात आरएफआयडी टॅग, टेबलाखाली रीडर. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, हे स्वतः विचार करतं का? हो म्हणण्याचा मोह होतो, मार्कही वाढतील कदाचित. पण मॅस्केलाइनने हवेचं गुपित सांगितलं नाही, तरी ते भुतांच्या नावावरही खपवलं नाही. आमच्या रिपोर्टमध्ये टेबल पान ओळखतं एवढंच लिहायचं ठरलंय. गाइड सर काय म्हणतात बघू.

मॅस्केलाइन 1917 मध्ये गेला. मुलाबरोबर त्याने एक टाइपरायटरही बनवला होता. त्यात इंग्रजी 'आय'ला कमी जागा मिळायची आणि 'एम'ला जास्त.