मुंबई शहर उत्तर आणि बाबासाहेब

बोधिसत्त्व, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे आपल्या विहारातल्या लहान पोरालाही पाठ आहे. महाडचा संगर, नागपूरची दीक्षा यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. पण ज्या मुंबईत, परळच्या चाळीत, कामगारांच्या शेजारात त्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्या मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवले नाही. ही गोष्ट आम्ही जयंतीला फारशी काढत नाही.

हिंदू कोड बिल रखडवल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पाठोपाठ पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे ते मुंबई शहर उत्तरमधून उभे राहिले, निशाणी हत्ती. समाजवाद्यांशी युती होती, जोडीला अशोक मेहता. मतदारसंघ दुहेरी, म्हणजे एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मतं दोन, पण दोन्ही एकालाच दिली तर एक बाद! आणि राखीव जागा म्हणजे आपल्याच लोकांनी निवडायची, असं नव्हतं बरं का. मत सगळ्यांचं. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, त्याचं हे फळ.

जानेवारी १९५२ मध्ये बाबासाहेबांना १ लाख २३ हजारांवर मते पडली, तरी काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४ हजारांहून अधिक मतांनी पुढे गेले. मेहताही पडले. कम्युनिस्टांचे डांगे याच रिंगणात होते. त्यांच्या बाजूने दुसरं मत जाळायला सांगितलं गेलं, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. हजारो मतं बाद झाली. निवडणूक रद्द करण्याचा अर्ज केला, तोही फेटाळला गेला. डांग्यांच्या लाल बावट्याखाली आमचेच बापजादे संपात चालले होते, म्हणून ही सल जास्त.

त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली. तिथंही जागा दोन. कार्यकर्ते म्हणाले, आपल्या लोकांनी दुसरं मत जाळावं. बाबासाहेबांनी साफ नकार दिला; घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगायचं कसं? मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबई शहर मध्य या दुहेरी मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने बरोबरीने निवडून आले. १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ बंद झाले.