रियासतकारांचा वर्ग

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी कंटाळतात, ही तक्रार नवी नाही. सनावळी पाठ करावी, लढायांची कारणे आणि परिणाम क्रमांक घालून लिहावे व परीक्षा संपताच सारे विसरून जावे, हा आपल्या माध्यमिक शाळांतील परिपाठ होऊन बसला आहे. नववीच्या राज्यशास्त्रासाठी २०१७ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात महायुद्धोत्तर जग, संयुक्त राष्ट्रे आणि भारताचे परराष्ट्र धोरण हे विषय घेण्यात आले. पण तेही बहुतेक ठिकाणी मुद्द्यांच्या रूपाने वहीतच उतरले. चर्चेतून आणि प्रकल्पातून इतिहास शिकवावा असे कोणी सुचविले, तर ही मोठ्या शहरांतील श्रीमंत शाळांची चैन आहे, असे म्हणून ती सूचना बाजूला सारली जाते. असे म्हणणाऱ्यांनी गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र एकदा नजरेखालून घालावे. ‘मराठी रियासत’ हा प्रचंड ग्रंथ विद्यापीठात नव्हे, तर एका शिक्षकाच्या टिपणवहीत जन्माला आला.

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. शिक्षण रत्नागिरी, पुणे व मुंबई येथे झाले. पदवी मिळाल्यावर १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे ही त्यांची कामे. इतिहास संशोधनाचे कोणतेही रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. आपल्याकडील ज्या शिक्षकांना स्वतःचा नसलेला विषय वेळापत्रकाच्या सोयीसाठी शिकवावा लागतो, त्यांच्यापेक्षा सरदेसायांची स्थिती या बाबतीत फारशी वेगळी नव्हती.

शिष्य मात्र वेगळे होते. ज्यांना पुढे राज्यकारभार पाहावयाचा, त्यांना केवळ राजांची नावे सांगून भागणार नव्हते. राज्ये का वाढतात, का बुडतात, तह कसे होतात आणि कसे मोडतात, हे त्यांना उमजायला हवे होते. बडोद्यातील आरंभीच्या वर्षांतच सरदेसायांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील सीलीचा ग्रंथ मराठीत आणला. आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतो, त्या विषयाचे मराठीतील हे फार जुने पाठच होत. महाराजांबरोबर युरोपचा प्रवास घडला, तेव्हा ज्या सत्तेने हिंदुस्थान जिंकला तिचा देश त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

राजपुत्रांना शिकविण्यासाठी मराठीत सोयीचे पुस्तक नव्हते, म्हणून सरदेसाई स्वतः टिपणे काढू लागले. एका टिपणातून दुसरा प्रश्न निघे, त्याच्या उत्तरासाठी आणखी वाचन होई. ही टिपणे वाढत वाढत १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. १९०२ पासून ‘मराठी रियासती’चे भाग निघू लागले आणि पुढील तीस वर्षांत आठ भागांत तो वृत्तान्त १८४८ पर्यंत, म्हणजे सातारचे राज्य खालसा होईपर्यंत, आणून पोहोचविण्यात आला. ‘ब्रिटिश रियासत’ही त्यांनी लिहिली. नवी कागदपत्रे उजेडात आली की जुने भाग पुन्हा लिहिण्यास हा गृहस्थ कचरत नसे. आपले पहिले उत्तर अपुरे होते हे कागदोपत्री मान्य करणारा शिक्षक विद्यार्थ्यांपुढे केवढा मोठा आदर्श ठेवतो!

१९२५ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी जर्मनीत जाऊन शिकलेला त्यांचा मुलगा श्यामकांत मरण पावला. साठीच्या घरात आलेल्या माणसाने या आघातानंतर लेखणी खाली ठेवली असती, तर त्यास कोणी दोष दिला नसता. सरदेसाई पुण्याजवळच्या कामशेत येथे राहू लागले आणि काही वर्षांतच त्यांनी आयुष्यातील सर्वांत अवघड काम अंगावर घेतले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून पडले होते. सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी ते चाळले आणि निवडक कागदांचे ४५ खंड १९३४ पर्यंत छापून काढले. कामाची वाटणी, कालमर्यादा आणि शेवटी सर्वांच्या हाती पडणारे फळ, असा हा खराखुरा प्रकल्प होता.

चर्चेचा वारसाही त्यांनी असाच ठेवला. बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार व स्नेह अर्धशतकाच्या आसपास टिकला. सरकारांचा मूळ आधार फारसी कागदांचा, सरदेसायांचा मराठी कागदांचा. एकच घटना दिल्लीहून कशी दिसे आणि पुण्याहून कशी दिसे, हे दोघांनी एकमेकांना दाखविले. इतिहासप्रसिद्ध स्थळे ते बरोबरीने हिंडले. पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांच्या पत्रव्यवहाराच्या खंडमालेचे संपादनही दोघांच्या देखरेखीखाली झाले. पुण्यातील कित्येक संशोधकांना सरदेसायांची पद्धत आणि ही मैत्री दोन्ही पसंत नव्हत्या. त्यांचे काही आक्षेप विचारात घेण्यासारखे होते. परंतु मतभेदाने इतिहासाचे नुकसान होत नाही. प्रश्न विचारणे थांबले की मात्र तो पोथी बनतो.

राजवाड्यातील वर्ग आणि यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्याच्या गावातील साठ मुलांचा वर्ग यांत अंतर आहे, हे खरे. पण सामग्रीच्या दृष्टीने नेर दरिद्री नाही. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड पडल्यावर नागपूरकर भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख त्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. निजामाने तो १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली केला. १९०२ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत तोच मुलूख कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. नेरच्या शेतकऱ्याने जागा बदलली नाही, पण त्याचा सारा कोणाच्या खजिन्यात जावा हे पन्नास वर्षांत दोनदा इतरांनी ठरविले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आंतरराष्ट्रीय संबंध शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण कोठे मिळणार?

वर्गाचे चार गट करावेत. एकाने भोसल्यांची, एकाने निजामाची, एकाने कंपनीची आणि एकाने रयतेची बाजू मांडावी. गावाचे नाव नेर-परसोपंत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नेर-पिंगळाई आहे. मग हे परसोपंत कोण, हा प्रश्न घेऊन मुलांनी वडीलधाऱ्यांकडे, जुन्या गॅझेटियरांकडे आणि घरोघरच्या जुन्या कागदांकडे जावे. ऐकीव गोष्ट कोणती आणि कागदाने सिद्ध होणारी कोणती, हे त्यांना वेगळे करू द्यावे. यास पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि अभ्यासक्रम पुरा करण्याचा धाक डोक्यावर असताना तो कोठून आणावा, हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर शिक्षण खात्याने आणि परीक्षा मंडळाने द्यावयाचे आहे. पाठांतरालाच गुण मिळणार असतील, तर शिक्षकाने चर्चेवर दिलेला तास पालकांना वाया गेल्यासारखाच वाटणार.

सरदेसायांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात, मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी ते निवर्तले. ज्या राजपुत्रांसाठी पहिली टिपणे लिहिली गेली, त्यांचे राज्य त्याआधीच भारतात विलीन झाले होते. टिपणांतून उभे राहिलेले ग्रंथ मात्र उरले, आणि ते आता राजपुत्रांचे नाहीत. नेरच्या शाळेतील मुलांचा त्यांवर तितकाच अधिकार आहे. तो अधिकार त्यांना वर्गात बजावू द्यावयाचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.