धनुष्याजोगा बाण सांगणारे रॉजर अ‍ॅस्कम

इंग्रजी भाषेतील तिरंदाजीच्या पहिल्या ग्रंथाचे कर्ते रॉजर अ‍ॅस्कम यांचा जन्म १५१५ च्या सुमारास यॉर्कशायरमध्ये झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात ते ग्रीक शिकवीत. विद्वानाने तिरंदाजीत वेळ दवडावा काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १५४५ मध्ये ‘टॉक्सोफिलस’ या संवादरूप ग्रंथात दिले. आठव्या हेन्रीने प्रसन्न होऊन त्यांना वार्षिक १० पौंडांचे वेतन बांधून दिले. पुढे ते राजकन्या एलिझाबेथ हिचे शिक्षक झाले.

बाण धनुष्याला आणि धनुर्धराला साजेसा हवा, हे त्यांचे सूत्र. सुटलेला बाण धनुष्याला वळसा घालताना वाकतो. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा बाण अति ताठ असल्यास डावीकडे, अति लवचिक असल्यास उजवीकडे जातो. हे गूढ विसाव्या शतकातील अतिवेगवान छायाचित्रणाने उलगडले.

युद्धासाठी हलक्या अ‍ॅस्पनऐवजी वजनदार अ‍ॅशच्या लाकडाचे बाण वापरावेत, असा अ‍ॅस्कम यांचा आग्रह होता. १५६८ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ निघाला त्याच वर्षी बुडालेली ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९८२ मध्ये वर काढण्यात आली. तिच्यावरील बहुतेक बाण अ‍ॅस्पनच्याच कुळातील पॉप्लर लाकडाचे निघाले. अ‍ॅस्कम यांची तक्रार खरी होती.